पहिला कॅमेरा आणि मोजका पैसा

परीक्षांचे निकाल लागले, कीं मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांत एक मागणी हमखास पुढें येते. मुलगा म्हणतो, किंवा मुलगी म्हणते, "बाबा, मला कॅमेरा घेऊन द्या." प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे आणि मोबाईलमध्यें कॅमेराहि आहे, असें असतां ही मागणी होते, आणि ती करणाराच्या मनांत बहुधा गळ्यांत पट्ट्यानें अडकविण्याचा, लेन्स बदलतां येणारा, ज्यास सर्वजण डीएसएलआर म्हणतात, तोच कॅमेरा असतो. वडील किंमत विचारतात. किंमत ऐकून घरांत थोडा वेळ शांतता पसरते. मग आई हळूच म्हणते, "आणि चार महिन्यांनीं तो कपाटांत पडून राहिला तर?" हा प्रश्न अगदीं रास्त आहे. पैसा मोजका असतां पहिला कॅमेरा कोणत्या विचारानें घ्यावा, हेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

हौसेनें घेतलेला कॅमेरा चुकीचा निघाला, तर तो फार तर कपाटांत पडून राहतो. पोटासाठीं घेतलेला कॅमेरा चुकीचा निघाला, तर त्याचे हप्ते दर महिन्यास दारांत येऊन उभे राहतात. म्हणून आज मी उदाहरण घेणार आहें तें पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतलें नव्हे, जालना जिल्ह्यांतील एका खेड्यांतलें. तेथें जो हिशेब टिकेल, तो आपल्या घरींहि टिकेल.

त्या खेड्याचें नांव अंतरवाली सराटी. अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या खोऱ्यांत, कापूस, ऊस आणि मोसंबी यांच्या मुलुखांत तें वसलेलें आहे. २०२३ सालच्या ऑगस्टपर्यंत जिल्ह्याबाहेर त्याचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. २९ ऑगस्ट रोजीं मनोज जरांगे पाटील यांनीं मराठा आरक्षणाच्या मागणीसाठीं तेथें उपोषण आरंभिलें. १ सप्टेंबर रोजीं पोलिसांचा लाठीमार झाला. आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील व देशांतील वृत्तपत्रांचे आणि वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे त्या गांवाकडे वळले. १४ ऑक्टोबर रोजीं तेथें झालेल्या सभेस तर अफाट लोकसमुदाय जमला. आरक्षणाचा वाद हा आजच्या भाषणाचा विषय नव्हे. माझें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे आहे. अशा ठिकाणीं छायाचित्रकारास तीन प्रकारच्या उजेडांस तोंड द्यावें लागतें: उघड्या माळावरचें मराठवाड्याचें ऊन, मांडवाच्या कापडाखालचा मंद प्रकाश, आणि दिवे लागल्यानंतरची रात्र. उन्हांतलें छायाचित्र कोणाच्याहि मोबाईलवर चांगलें निघतें. कॅमेऱ्याची खरी परीक्षा मांडवांत आणि रात्रीं होते.

बातमी संपली, कीं बाहेरून आलेले कॅमेरे परत जातात. गांव मात्र तेथेंच राहतें. तेथलीं लग्नें, हरिनाम सप्ताह, शाळेचें स्नेहसंमेलन, मोसंबीची तोडणी, एखाद्या आजीचा भिंतीवर लावण्याजोगा एक नीटसा फोटो, हें सर्व टिपून ठेवणार कोण? गांवांतलाच कोणीतरी. अशा गांवांतील विशींतला एखादा तरुण आपण डोळ्यांपुढें आणूं. तो माझ्या कल्पनेंतला आहे. पण त्याच्यासारखे तरुण मराठवाड्यांत गांवोगांवीं आहेत. त्याच्यापाशीं चाळीस हजार रुपये आहेत असें धरूं. कांहीं कापसाचे, कांहीं मामांनीं दिलेले. एवढ्या भांडवलावर त्याला लग्नकार्यांचे फोटो काढावयाचे आहेत.

तो जालन्याच्या किंवा छत्रपति संभाजीनगरच्या दुकानांत जातो. दुकानांत त्याच्या कानांवर पहिल्यानें पडतात ते मेगापिक्सेलचे आंकडे. हा अठराचा, हा चोवीसचा. चोवीसचा अर्थातच चांगला! एक मेगापिक्सेल म्हणजे चित्राचे दहा लक्ष बिंदु. आतां आपण साधा त्रैराशिकाचा हिशेब करूं. इंचास तीनशें बिंदु ही छपाईची उत्तम प्रत समजली जाते. त्या मानानें अठरा मेगापिक्सेलचें चित्र सुमारें सतरा इंच रुंद आणि साडेअकरा इंच उंच असें अगदीं स्वच्छ छापतां येतें. बैठकींतल्या तसबिरीस याहून अधिक काय हवें? चोवीस मेगापिक्सेलचें चित्र वीस इंच रुंद छापतां येईल, म्हणजे सारा फरक तीन इंचांचा. हल्लीं घरोघरीं येऊं लागलेल्या फोर-के दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर तर ८३ लाखांच्या आसपासच बिंदु असतात. २००३ सालीं कॅननचा ईओएस ३००डी आला. एक हजार डॉलरच्या आंत मिळणारा तो पहिला डीएसएलआर. त्यांत केवळ ६३ लाख बिंदु होते, आणि तरीहि त्या कॅमेऱ्यानें लोकांनीं उत्तम छायाचित्रें घेतलीं. तात्पर्य, आज मिळणाऱ्या कोणत्याहि डीएसएलआरचे बिंदु आपल्या गरजेस पुरून उरतात. मोजक्या पैशांतील एकहि रुपया या आंकड्यापायीं अधिक देऊं नये.

मग पैसा द्यावयाचा कशासाठीं? माझें उत्तर एका शब्दाचें आहे: उजेडासाठीं.

कॅमेऱ्याच्या लेन्सवर कांहीं आंकडे कोरलेले असतात. कॅमेऱ्याबरोबर जी साधी लेन्स येते, जिला किट लेन्स म्हणतात, तिच्यावर बहुधा १८-५५ आणि ३.५-५.६ हे आंकडे आढळतील. पहिल्या जोडीवरून कळतें, कीं तिच्यांतून किती विस्तीर्ण दृश्य दिसेल आणि किती जवळ ओढतां येईल. दुसऱ्या जोडीवरून कळतें, कीं तिच्यांतून उजेड किती आंत येईल. गंमत अशी, कीं हा दुसरा आंकडा जितका लहान, तितकें उजेडाचें द्वार मोठें. हें उलटें वाटतें खरें. पण तो भागाकाराचा आंकडा आहे. लेन्सच्या नाभीय अंतरास द्वाराच्या व्यासानें भागलें म्हणजे तो मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सचें द्वार २८ मिलिमीटर व्यासाचें असेल, तर आंकडा येतो १.८, तेंच द्वार ९ मिलिमीटरचें असेल, तर आंकडा येतो ५.६. आतां त्या दोन वर्तुळांचीं क्षेत्रफळें काढून पाहा. मोठें वर्तुळ लहानाच्या जवळजवळ दहापट भरतें. म्हणजे १.८ च्या लेन्समधून ५.६ च्या मानानें जवळजवळ दहापट उजेड आंत येतो.

दहापट उजेडाचा व्यवहारांत अर्थ काय, तें हळदीच्या मांडवांत कळतें. रात्रींची वेळ आहे, दोनचार दिवे लावलेले आहेत, बायका गाणीं म्हणत आहेत आणि नवरीच्या गालाला हळद लागत आहे. किट लेन्स पुरी लांबवून हें दृश्य टिपण्यास, समजा, सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्या अवधींत हळद लावणारा हात हलतो, नवरी हसून मान वळविते, आणि चित्रांत उरतो तो केवळ धुरकट पिवळा पट्टा. तेंच १.८ च्या लेन्सनें टिपलें, तर सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग पुरतो. हात आहे तेथें थांबलेला दिसतो आणि हसूं ओठांवर राहतें. दुकानांत सांगतील, कीं किट लेन्समध्यें हात थरथरल्याचा दोष काढून टाकण्याची युक्ति आहे. ती खरोखर आहे आणि उपयोगीहि आहे. पण ती आपल्या हाताचा कंप आवरते, समोरच्या माणसाचें हलणें आवरीत नाहीं. कोणी म्हणेल, सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे ज्यास आयएसओ म्हणतात ती, वाढवावी. तीहि वाढवितां येते. परंतु फार वाढविली, म्हणजे चित्रावर वाळू सांडल्यासारखे दाणे उमटूं लागतात.

उजेडाची ही टंचाई आपल्याकडील छायाचित्रणास आरंभापासून जाचत आलेली आहे. जालन्याहून पुढें अजिंठ्यास जा. तेथील चित्रांच्या प्रतिकृति करण्यासाठीं १८४४ सालीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली, आणि १८५६ पासून त्यानें कॅमेराहि हातीं घेतला. त्या काळच्या कांचेच्या प्लेटी इतक्या मंद असत, कीं अंधाऱ्या जागीं त्यांच्यावर चित्र उमटविणें हें मोठ्या चिकाटीचें काम होतें. आज आपण सहकुटुंब तेथें जातों, तेव्हां चित्रांना अपाय होऊं नये म्हणून फ्लॅश वापरण्यास मनाई असते. म्हणजे गिलपुढचा प्रश्न आपल्यापुढेंहि उभाच आहे: आहे तेवढ्याच उजेडांत काम भागवावयाचें. घरांतले जुने आल्बम उघडून पाहिले, तर त्यांत आजीआजोबा अंगणांत, उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभे असलेले दिसतात. भारतांत तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या पेटीवजा कॅमेऱ्यांना तेवढेंच पेलत असे. ऊन आणि ढगाळ हवा, एवढ्या दोनच परिस्थिति त्यांना ठाऊक. स्वयंपाकघरांत दिव्याच्या उजेडांत भाकरी थापणारी आई त्यांच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून ती त्या आल्बमांत सहसा आढळत नाहीं. मोठ्या द्वाराची लेन्स आपणांस ती आई मिळवून देते. तिच्यासाठीं मोजलेले पैसे वाया जात नाहींत.

सुदैवानें ही लेन्स महाग नाहीं. कॅननची ५० मिलिमीटर १.८ ची लेन्स, जिची हल्लींची आवृत्ति २०१५ सालीं आली, ती त्या कंपनीच्या स्वस्त लेन्सांपैकीं एक आहे. निकॉनची लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीं असलेली ३५ मिलिमीटर १.८ ची लेन्सहि त्याच पंक्तींत बसते. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. आरंभीच्या डीएसएलआरचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. त्यामुळें कॅननवर ५० ची लेन्स ८० च्या लेन्सइतकें दृश्य जवळ आणते. एका माणसाच्या चेहऱ्यास हें फार शोभतें. पण दहा बाय दहाच्या खोलींत बारा माणसांचें कुटुंब तिच्यांत मावत नाहीं, आणि मागें सरकावें तर पाठीशीं भिंत असते. म्हणून किट लेन्स टाकून देऊं नये. घोळक्यास किट लेन्स, चेहऱ्यास आणि काळोखास ५० ची, असा दोघींचा संसार चांगला चालतो.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. डीएसएलआर या अक्षरांतील मर्म एका आरशांत आहे. लेन्समधून आलेला उजेड तिरक्या बसविलेल्या आरशावर पडतो, वर वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोहोंचतो. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि तोच उजेड सेन्सरवर पडतो. हा जो खट् असा आवाज येतो, त्याचा मोठा भाग त्या आरशाचाच. या रचनेचा एक लाभ खेड्यांत विशेष जाणवतो. आरशांतून पाहण्यास वीज खर्च होत नाहीं. त्यामुळें बॅटरी पुष्कळ वेळ पुरते. ठराविक कसोटीनुसार निकॉनच्या डी३५०० ची बॅटरी एका भरण्यांत १,५५० चित्रें घेते, आणि कॅननच्या १५००डी ची सुमारें ५००. जेथें भरमांडवांत वीज जाते आणि एकाच बोर्डावर दहा मोबाईल लटकत असतात, तेथें या आंकड्याची किंमत मेगापिक्सेलच्या आंकड्याहून फार मोठी आहे.

नव्या आरंभीच्या कॅमेऱ्यांची तुलना करतांना लहानसहान गोष्टी तपासाव्या, कारण काटकसर तेथेंच केलेली असते. २०१८ सालीं कॅननचे १५००डी आणि ३०००डी हे दोन कॅमेरे एकदमच आले. स्वस्त असलेल्या ३०००डी मध्यें लेन्स बसविण्याचें कडें धातूचें नसून प्लॅस्टिकचें आहे, आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणें खिडकी जुळवून घेण्याची सोयहि नाहीं. चष्मा लावणारानें याचा अवश्य विचार करावा. १५००डी मध्यें त्या दोन्ही गोष्टी आहेत. परंतु बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची जागा त्यांतहि नाहीं. ती २०१९ सालच्या २००डी मार्क टू मध्यें आहे. ज्याला लग्नाचें चलच्चित्रण करून मंगलाष्टकें नीट ऐकवावयाचीं आहेत, त्याच्या दृष्टीनें हा फरक मोठा. निकॉनच्या आरंभीच्या कॅमेऱ्यांत लेन्स फिरविणारी मोटार कॅमेऱ्यांत नसते. म्हणून मोटार स्वतःच्या पोटांत असलेलीच लेन्स घ्यावी लागते. कोणी स्नेह्यानें जुनी लेन्स फुकट दिली, तरी ती आपल्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करील कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

येथें कोणी श्रोता मला अडवील. तो म्हणेल, "अहो, आरशाचे कॅमेरे तर आतां मागें पडले!" त्याचें म्हणणें खरें आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचे सर्वांत वरच्या दर्जाचे डीएसएलआर २०२० सालीं आले. त्यानंतर त्यांची सारी शक्ति आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळली. मघांशीं ज्याची स्तुति केली, तो २०१८ सालचा डी३५०० सुद्धां कंपनीनें पुढें बंद केला. मग मावळतीस लागलेल्या वस्तूंत गरिबानें पैसा घालावा काय?

माझ्या मतें घालावा, पण डोळे उघडे ठेवून. सधन हौशी मंडळी नव्या कॅमेऱ्यांकडे वळूं लागली, कीं त्यांचे जुने कॅमेरे आणि लेन्सा बाजारांत येतात, आणि त्यांचे भाव उतरतात. भाव उतरला म्हणून त्या लेन्समधून येणारा उजेड उतरत नाहीं. शिवाय कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सा एक जोडकडें लावून त्याच कंपनीच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर वापरतां येतात. मोटार पोटांत असलेल्या निकॉनच्या लेन्सांनाहि तशी सोय आहे. म्हणजे उद्यां दिवस पालटले, तर लेन्समध्यें घातलेला पैसा आपल्याबरोबर पुढें येतो. कॅमेऱ्यांत घातलेला पैसा मात्र मागें राहतो. यासाठींच मी म्हणतों, कीं कॅमेरा जुना चालेल, पण लेन्स चांगली असूं द्या. उलट, ज्याचें मुख्य काम चलच्चित्रणाचें आहे आणि ज्याच्या गांठीं थोडा अधिक पैसा आहे, त्यानें सरळ मिररलेसच पाहावा. त्याला आरशाचा उपयोग थोडा.

जुना कॅमेरा घेणें हें जुनी बैलजोडी घेण्यासारखें आहे. दांत पाहिल्यावांचून दावें हातीं घेऊं नये. पहिली गोष्ट, शटर आजवर किती वेळां उघडलें, तो आंकडा विचारावा. आरंभीच्या कॅमेऱ्यांचें शटर एक लाखाच्या आसपास टिकतें असा साधारण हिशेब असतो; त्यामुळें ऐंशी हजार चित्रें काढलेला कॅमेरा वीस हजार काढलेल्याच्या भावांत घेऊं नये. दुसरी गोष्ट, लेन्सचें द्वार अगदीं लहान करून निरभ्र आकाशाचा एक फोटो काढावा. सेन्सरवर धूळ असेल, तर आकाशांत काळे ठिपके दिसतील. तिसरी गोष्ट, लेन्समधून विजेरीचा झोत आरपार टाकून पाहावा. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले, तर ती बुरशी समजावी आणि भाव न करतां उठावें. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंतून आलेल्या लेन्सांच्या बाबतींत ही तपासणी कधींहि चुकवूं नये. चौथी गोष्ट, बॅटरी फुगलेली नाहीं ना, कार्डाची खांच सैल नाहीं ना, हें पाहावें. पांचवी गोष्ट, मूळ पावती मागावी. चोरीचा माल स्वस्तच मिळतो, पण तो पुढें फार महाग पडतो.

आतां त्या चाळीस हजारांची वांटणी करूं. बाजारभाव दर महिन्यास बदलतात, म्हणून मी रकमा न सांगतां हिस्से सांगतों. निम्मा पैसा जुन्या पण तपासलेल्या कॅमेऱ्यास, त्याच्या किट लेन्ससह. पाव हिस्सा मोठ्या द्वाराच्या एका लेन्सला. उरलेल्या पाव हिश्शांतून एक जास्तीची बॅटरी, दोन मेमरी कार्डें आणि एक साधी पिशवी घ्यावी. आणि जें शिल्लक राहील, तें दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावें. दोन कार्डें कशासाठीं, असें कोणी विचारील. कार्ड बिघडल्यास दुसरें विकत मिळतें. परंतु लग्न पुन्हां लावतां येत नाहीं. अंबडकडच्या कापसाच्या काळ्या रानांत वारा सुटला, म्हणजे धूळ कशी उडते, हें तेथील लोकांना सांगावयास नको. तेव्हां वाऱ्यांत लेन्स बदलूं नये. बदलावीच लागली, तर कॅमेऱ्याचें तोंड खालीं धरून बदलावी. पावसाळ्यांत लेन्स घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. या काळजीस खर्च थोडा आणि लाभ मोठा.

हप्त्यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दुकानांत बिनव्याजी हप्त्यांचें आमिष पुष्कळदां दाखविलें जातें. त्यांत व्याज नसलें, तरी प्रक्रियेचें शुल्क असतें, किंवा रोखीनें घेणारास मिळणारी सूट आपणांस मिळत नाहीं. तेंच त्याचें व्याज. पण त्याहून मोठा धोका निराळा आहे. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरूं होते आणि आषाढापासून मुहूर्त थांबतात. लग्नाच्या छायाचित्रकाराच्या मिळकतीस चातुर्मास असतो. हप्त्यास चातुर्मास नसतो. ज्या तरुणानें सराईच्या मिळकतीवर बारा महिन्यांचे हप्ते मान्य केले, त्याला भाद्रपदांत कॅमेरा विकावा लागतो, आणि तोहि निम्म्या किंमतीस. म्हणून हप्त्यानें घ्यावयाचाच असेल, तर सराईच्या आरंभीं घ्यावा आणि आषाढापूर्वीं फेडून मोकळें व्हावें. एवढ्या अवधींत फिटणार नाहीं असें दिसलें, तर तो कॅमेरा आपल्या ऐपतीबाहेरचा आहे असें स्पष्ट समजावें.

शहरांतल्या घरांनाहि एक मार्ग सुचवितों. मोठ्या शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्यानें मिळतात. मुलानें मागणी केली, कीं त्याला प्रथम दोन दिवसांसाठीं एक कॅमेरा आणून द्यावा आणि सांगावें, "शनिवारीं मंडईंत जा, रविवारीं आजीपाशीं बैस. सोमवारीं मला दहा चित्रें दाखव." ज्याला दहा चित्रें निवडतां आलीं, त्याच्या हातीं कॅमेरा पडून राहणार नाहीं. ज्यानें चारशें चित्रें काढलीं आणि एकहि निवडलें नाहीं, त्याला तूर्त मोबाईल पुरे. कपाटाविषयीं आईला जी शंका येते, तिचें निरसन दुकानांत कधींच होत नाहीं. तें या दोन दिवसांत होतें.

आणि कॅमेरा हातीं आल्यावर? येथें दादासाहेब फाळक्यांचें उदाहरण घेण्याजोगें आहे. १९१२ सालीं त्यांनीं विलायतेहून विल्यमसन कंपनीचा चित्रपटाचा कॅमेरा आणला. पैशाची ओढाताण होती आणि मनांत तर सबंध कथापट होता. पण त्यांनीं पहिल्यानें टिपली ती वाटाण्याच्या रोपाची वाढ. बी रुजून वेल कसा उभा राहतो, हें थोडें थोडें करून त्यांनीं पट्टीवर उतरविलें, आणि तो लहानसा पट पाहूनच त्यांना भांडवल देणारे लोक पुढें आले. पुढच्याच वर्षीं, १९१३ सालीं, 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. ज्यापाशीं साधन थोडें आहे, त्यानें विषयहि जवळचा घ्यावा, आणि तो शेवटपर्यंत न्यावा. आपल्या तरुणानेंहि सहा महिने एकाच लेन्सनें आपलें गांव टिपावें: सकाळीं पाराशीं, दुपारीं रानांत, रात्रीं भजनांत. आपल्या गांवचा उजेड ज्याला पाठ झाला, त्याला परगांवच्या मांडवांत भांबावून जाण्याचें कारण राहत नाहीं.

श्रोतेहो, अंतरवाली सराटीचें जें रूप आपण २०२३ सालीं पाहिलें, तें त्या गांवच्या आयुष्यांतील कांहीं दिवसांचें रूप होतें, आणि तें मुख्यतः बाहेरच्यांच्या कॅमेऱ्यांनीं आपल्यापर्यंत आलें. उरलेल्या दिवसांचें रूप तेथल्याच कोणा मुलाच्या किंवा मुलीच्या कॅमेऱ्यांतून उमटावयाचें आहे. त्यासाठीं लाख रुपयांचा कॅमेरा नको. तपासून घेतलेला एक जुना कॅमेरा, उजेडास उदार असलेली एक लेन्स, आणि चातुर्मासापूर्वीं फिटलेलें कर्ज, एवढी सामग्री त्याला पुरे आहे. आपल्या घरीं उद्यां हा विषय निघेल, तेव्हां किंमतीच्या आधीं एवढेंच विचारा: "तुला कोणाचा फोटो काढावयाचा आहे, आणि तेथें उजेड किती असतो?" त्याचें उत्तर ज्याच्यापाशीं तयार आहे, त्याला कोणता कॅमेरा घ्यावा हें सांगणें मुळींच अवघड नाहीं.